आवक आणि शिल्लक

दिवाळीच्या मुहूर्तावर व्यापारी घरात नव्या वहीचे पूजन होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, 'श्री' लिहिले जातात आणि त्यानंतर पहिली नोंद येते ती मागील वर्षाच्या शिल्लकेची. जुनी वही मात्र कोणी रद्दीत टाकत नाही. ती कापडात बांधून माळ्यावर ठेवली जाते, कारण उद्या देण्याघेण्याचा प्रश्न निघाला तर नुसती शिल्लक पाहून काही उलगडत नाही. ती शिल्लक कशी उरली, हे जुन्या वहीतच सापडते. हिशेबाचा हा साधा नियम जळगाव आणि धुळे येथील दोन नातेवाईक घरांना एका आजारपणात उशिराच आठवला. तोपर्यंत एका घरात दोषारोप होऊन गेले होते आणि दुसऱ्या घरात उपचार अर्ध्यावर सोडण्याची तयारी झाली होती.

धुळ्याचे घर भुसार मालाच्या आडतीचे, जळगावचे घर डाळ मिलचे. धुळ्याची मुलगी जळगावला दिलेली. तिचे वय 52, तर तिच्या धाकट्या भावाच्या पत्नीचे 47. नाते नणंद-भावजयीचे असले तरी दोघींचा जिव्हाळा सख्ख्या बहिणींचा. एकमेकींना त्या 'बाईसा' आणि 'भाभी' अशीच हाक मारतात. या लेखातही त्यांना तीच नावे असू द्यावीत.

त्या वर्षी भाभींचा वर्षीतप चालू होता. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणे, असा क्रम वर्षाहून अधिक काळ अखंड पाळायचा आणि अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणे करायचे. दिवाळीच्या सुमारास अंघोळ करताना त्यांच्या डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. ती दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे साधीच असेल, असे त्यांच्या मनाने घेतले. शिवाय दवाखाना मागे लागला तर तपात खंड पडेल, ही धास्ती होती. त्या गप्प राहिल्या. संक्रांत गेली, होळी गेली. गाठ वाढत होती आणि त्या पदर सावरून घेत होत्या.

खानदेशात अक्षय तृतीया म्हणजे आखाजी. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. बाईसाही एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला आल्या. पारण्याचा सोहळा थाटात झाला. रात्री पाहुणे पांगल्यावर भाभींनी नणंदेचा हात धरून तो गाठीवर ठेवला. बाईसा काही बोलल्या नाहीत. सकाळी उठून त्यांनी भावाला आडत बंद ठेवायला लावली आणि भावजयीला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या.

पुढील दोन आठवड्यांत तपासण्या झाल्या. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला गेला, नंतर छातीचा, पोटाचा आणि हाडांचा स्कॅन झाला. निदान स्तनाच्या कर्करोगाचे होते. कागदावर शेवटी एक ओळ होती: सीटी 3, सीएन 2, एम 0, स्टेज तीन-अ. घरातल्या सर्वांना त्यातला 'तीन' हा आकडा तेवढा समजला. एकूण टप्पे चार, त्यांतला तिसरा, म्हणजे शेवटच्या आधीचे स्टेशन, असा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मनाशी लावला.

ती ओळ कशी वाचायची, हे समजणे अवघड नाही. फ्रान्समधील शल्यचिकित्सक पिएर देन्वा यांनी 1943 ते 1952 या काळात ही मांडणी तयार केली. पुढे कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाने 1958 मध्ये स्तन आणि स्वरयंत्र यांच्या कर्करोगासाठी तिच्या आधारे पहिल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. तीन अक्षरे तीन प्रश्नांची उत्तरे देतात. 'टी' म्हणजे मूळ गाठ किती मोठी: 2 सेंटिमीटरपर्यंत 1, 2 ते 5 पर्यंत 2, 5 च्या वर 3, आणि गाठ कातडीत किंवा छातीच्या भिंतीत शिरली असेल तर 4. 'एन' म्हणजे काखेतल्या व आसपासच्या लसीका ग्रंथींपर्यंत आजार पोहोचला आहे का आणि किती. 'एम' म्हणजे यकृत, फुप्फुस, हाडे अशा दूरच्या अवयवांत तो गेला आहे का. ही तीन उत्तरे एकत्र करून टप्पा ठरतो. भाभींची गाठ 6 सेंटिमीटरची होती, काखेतल्या ग्रंथी एकमेकींना चिकटल्या होत्या, पण दूरच्या अवयवांत काहीही नव्हते. म्हणून टप्पा तीन-अ. यातला शेवटचा शून्य फार मोलाचा होता. आजार बरा करण्याच्या उद्देशाने उपचार करता येतील, असे तो शून्य सांगत होता. त्या दिवशी तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

अक्षरांमागचा छोटा 'सी' तर सर्वांच्याच नजरेतून सुटला. शरीर न उघडता, हाताने तपासून आणि यंत्रांनी छायाचित्रे घेऊन केलेला हा अंदाज आहे, एवढेच तो 'सी' सांगतो. या एका अक्षराकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पुढचा घोळ झाला, आणि तो आधी जळगावला झाला.

भावजयीची गाठ हाताला लागल्यापासून बाईसांना चैन नव्हती. घरी परतल्यावर त्यांनी स्वतःला तपासले. उजव्या बाजूला, काखेच्या दिशेने, काहीतरी कठीण लागले. त्यांनी आठवडाही दवडला नाही. गाठ 3 सेंटिमीटरची निघाली. काखेत हाताला काही लागत नव्हते, सोनोग्राफीतही ग्रंथी साध्या दिसल्या. कागदावर आले: सीटी 2, सीएन 0, एम 0, स्टेज दोन-अ. भाभींच्या मोठ्या गाठीसाठी डॉक्टरांनी आधी केमोथेरपी आणि नंतर शस्त्रक्रिया, असा क्रम सांगितला होता. बाईसांची गाठ लहान असल्याने आधी शस्त्रक्रिया करावी, असे ठरले.

त्यांच्या सासूबाईंचा या शस्त्रक्रियेला ठाम विरोध होता. चाकू लागला की हा आजार अंगभर पसरतो, असे त्यांनी जन्मभर ऐकले होते. मोठ्या मुलाने आजीचे ऐकले नाही. त्याने कागदावर सही केली आणि शस्त्रक्रिया पार पडली. दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा अहवाल आला. काखेतून काढलेल्या 16 ग्रंथींपैकी 4 ग्रंथींत कर्करोग होता. टप्पा लिहिला होता तीन-अ.

शस्त्रक्रियेपूर्वी दोन, शस्त्रक्रियेनंतर तीन. आजींना जे सिद्ध करायचे होते ते जणू सरकारी शिक्क्यासह हातात आले. त्या नातवाला एकच वाक्य बोलल्या, "मी सांगत होते." मुलगा तेव्हापासून घरात कोणाशी डोळा भिडवून बोलेना. सकाळी लवकर मिलमध्ये जायचा, रात्री उशिरा यायचा. आईच्या खोलीत जायचे त्याने टाळले. बाईसांना केमोथेरपीपेक्षा मुलाच्या या अबोल्याचा त्रास अधिक झाला.

शल्यचिकित्सकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून समजावले. पहिल्या कागदावर 'सी' होता, दुसऱ्यावर 'पी'. 'पी' म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे आणि ग्रंथींचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केलेली नोंद. एखाद्या ग्रंथीत काही मिलिमीटरांचा कर्करोग असेल तर तो बोटांना लागत नाही आणि सोनोग्राफीतही सुटू शकतो. त्या चार ग्रंथींतला आजार शस्त्रक्रियेपूर्वीच तेथे होता. दहा दिवसांत तो तयार होत नाही. बाईसांच्या यजमानांना हे लगेच पटले, कारण मिलमध्ये ते रोज हेच पाहत होते. तुरीची गाडी दारात आली की चार-सहा पोत्यांत नळी खुपसून नमुना काढायचा आणि त्यावरून प्रत ठरवायची. माल उतरवून चाळण्यांवर घेतला की खरी प्रत कळते. कधी नमुन्यापेक्षा माल हलका निघतो. म्हणून तो आपल्या चाळणीने बिघडवला, असे कोणी म्हणत नाही.

'पी'च्या कागदाने बाईसांचा आजार वाढला नव्हता, तो पुरता उघड झाला होता. त्याचा लाभही झाला. चार ग्रंथी बाधित असल्याचे कळल्यामुळे केमोथेरपीनंतर किरणोपचार देण्याचे ठरले. पहिल्या कागदावर विसंबून राहिले असते तर ती गरज लक्षात आली नसती. त्याच अहवालात आणखी एक दिलासा होता. त्यांचा कर्करोग हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारचा होता, त्यामुळे पुढे अनेक वर्षे रोज एक गोळी घेऊन तो दूर ठेवण्याची वाट मोकळी होती. टप्पा ठरवण्याच्या अमेरिकी पद्धतीत 1 जानेवारी 2018 पासून गाठीच्या मापाबरोबर हे गुणधर्मही धरले जातात: हार्मोनचा प्रतिसाद, 'हर-टू' नावाचे प्रथिन आणि पेशींची प्रत. म्हणून एकाच मापाच्या दोन गाठींचे भवितव्य एकच असते असे नाही. कधी मापावरून तिसरा वाटणारा टप्पा या गुणधर्मांमुळे खालचा ठरतो.

हे सर्व आजींना सांगितले गेले. त्यांनी ऐकून घेतले, उत्तर दिले नाही. पर्युषण आले. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर घरातील लहानांनी थोरांची क्षमा मागण्याचा प्रघात. नातू पाया पडायला वाकला, तेव्हा आजींनी त्याला मध्येच थांबवले आणि स्वतःच हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले. मुलगा बराच वेळ त्यांचे हात धरून उभा होता. त्या रात्री तो आईच्या खोलीत बसला.

धुळ्यात याच काळात भाभींची केमोथेरपी चालू होती. दर तीन आठवड्यांनी एक, अशा आठ मात्रा. त्यांची गाठ 'हर-टू' प्रकारची असल्याने शेवटच्या चार मात्रांबरोबर त्या प्रथिनावर नेमके काम करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषधही सुरू झाले. चातुर्मासात उपवास करता येत नाहीत, याची त्यांना टोचणी होती. साध्वीजींनी त्यांची समजूत घातली. पच्चक्खाण घेतानाच तीव्र आजारात औषध घेता यावे, चित्ताची समाधी टिकावी, यासाठी आगार ठेवलेला असतो. ही सवलत धर्मानेच दिली आहे, ती घेण्यात तपाचा भंग नाही.

चौथ्या मात्रेनंतर गाठ हाताला लागेनाशी झाली. उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी गाठीत धातूची एक बारीक खूण बसवली होती. गाठ विरून गेली तर शस्त्रक्रियेत तिची जागा सापडावी, हा त्यामागचा हेतू. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. अहवालात लिहिले होते की स्तनात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, काखेतील 14 ग्रंथींपैकी एकीतही त्या नाहीत, काही ग्रंथींत मात्र उपचारानंतरचे व्रण दिसतात. खाली ओळ होती: वायपीटी 0, वायपीएन 0.

आडतीवर पेढे वाटले गेले. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "तीनवरून शून्यावर आली" हे वाक्य दोन दिवसांत धुळ्याहून जळगाव, मालेगाव, पुण्यापर्यंत पोहोचले. भाभींच्या यजमानांनी फाइलच्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने 'स्टेज 0' असे लिहिले. जळगावची वार्ता त्याच वेळी उलट सांगितली जात होती: "बाईसांची दोनची तीन झाली." एक सुधारली, एक बिघडली, असा निकाल बाहेरच्यांनी देऊन टाकला होता.

त्यानंतर डॉक्टरांनी भाभींना तीन आठवड्यांचे किरणोपचार आणि ट्रास्टुझुमॅबचे एक वर्ष पूर्ण करणे सांगितले. यजमान नाराज झाले. आजार शून्य असताना किरणे कशासाठी? हळदीचा हंगाम तोंडावर, मुंबईला तीन आठवडे मुक्काम, वर या औषधाचा खर्च. विचार करून सांगतो, असे म्हणून ते उठले. घरात हळूहळू ठरले की आता पुरे. भाभीही थकल्या होत्या. त्यांनीही मान डोलावली.

हे बाईसांच्या मुलाला कळले. सहा महिन्यांपूर्वी एका अक्षराने त्याचे घर ढवळून निघाले होते, त्यामुळे आता तो अक्षरे वाचायला शिकला होता. तो धुळ्याला आला, पुठ्ठ्यावरचे 'स्टेज 0' त्याने पाहिले आणि मामांना विचारले, "मामा, गोदामात हजार पोती आली, वर्षभरात सगळी विकली गेली. आज शिल्लक शून्य. मग वहीत आवकही शून्य लिहाल का?"

अहवालातला 'वाय' नेमके हेच सांगत होता. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी किंवा तत्सम औषधोपचार झाले असतील तर नंतरच्या नोंदीपुढे 'वाय' लावतात. ही नोंद उपचारानंतर काय उरले याची असते, आजार मुळात किती होता याची नसते. शून्य टप्पा ही तर स्वतंत्रच गोष्ट आहे. ज्यात कर्करोगाच्या पेशी दुग्धनलिकेच्या आतच राहतात, भिंत ओलांडत नाहीत, त्या आजाराला तो टप्पा देतात. भाभींचा आजार काखेपर्यंत गेलेला होता. उपचारानंतर तो पूर्ण दिसेनासा झाला, याला डॉक्टर संपूर्ण प्रतिसाद म्हणतात आणि अशा वेळी नवा टप्पा लिहितच नाहीत. पहिला तीन-अ तसाच राहतो आणि त्याच्या शेजारी संपूर्ण प्रतिसादाची नोंद होते.

हा प्रतिसाद आनंदाचाच आहे, यात शंका नाही. आधी केमोथेरपी की आधी शस्त्रक्रिया, याचा मोठा अभ्यास अमेरिकेत 1988 मध्ये सुरू झाला, त्यात 1,523 स्त्रिया होत्या. दोन्ही क्रमांत आयुर्मानात फरक पडला नाही, पण आधी केमोथेरपी घेतल्याने अधिक स्त्रियांचा स्तन वाचवता आला, आणि ज्यांची गाठ पूर्ण विरली त्यांचे पुढचे आयुष्य इतरांपेक्षा चांगले गेले. म्हणून दुसरा कागद महत्त्वाचा. त्यात काही उरलेले दिसले तरी तो केवळ वाईट बातमी देत नाही, पुढची दिशाही दाखवतो. जपान आणि दक्षिण कोरियातील 910 रुग्णांच्या अभ्यासात, 2017 मध्ये, असे आढळले की 'हर-टू' नसलेल्या प्रकारात आजार उरला असेल तर शस्त्रक्रियेनंतर कॅपेसिटाबीन या गोळ्या दिल्याने आयुष्य वाढते. 'हर-टू' प्रकारात आजार उरला असेल तर औषध बदलून तो परतण्याचा धोका जवळपास निम्मा होतो, हे त्यानंतरच्या वर्षी 1,486 रुग्णांच्या अभ्यासात दिसले. शिल्लक पाहून पुढची खरेदी ठरावी, तसेच हे.

परंतु पहिला कागद त्यामुळे रद्द होत नाही. पॅथॉलॉजिस्ट काही काप पाहतो, शरीरातील प्रत्येक पेशी पाहू शकत नाही. 6 सेंटिमीटरची गाठ आणि चिकटलेल्या ग्रंथी असलेल्या आजारात छातीच्या भिंतीपाशी किंवा काखेच्या वर चार पेशी दडून राहण्याची शक्यता मूळ आजाराच्या आकारावर अवलंबून असते. म्हणून अशा रुग्णांना किरणोपचार द्यायचे की नाही, हे पहिल्या कागदाकडे पाहून ठरवले जाते. ज्यांचा आजार सुरुवातीलाच मर्यादित होता, काखेतल्या ग्रंथी सुट्या होत्या आणि केमोथेरपीनंतर त्या स्वच्छ झाल्या, अशांना ग्रंथींवरचे किरण टाळता येतील का, याचा एक मोठा अभ्यास डिसेंबर 2023 मध्ये मांडला गेला आणि त्यात किरणांचा जादा लाभ आढळला नाही. तेथेही निवड केली गेली ती आरंभीचा टप्पा पाहूनच. भाभी त्या गटात बसत नव्हत्या.

दूरच्या अवयवांत आजार गेलेला असेल तर हा नियम अधिकच कठोर होतो. चौथा टप्पा एकदा लिहिला गेला की औषधांनी स्कॅन स्वच्छ झाला तरी तो चौथाच राहतो. अशा स्त्रियांत स्तनातील मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढल्यास आयुष्य वाढते का, याचे उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 2005 ते 2013 या काळात 350 स्त्रियांच्या अभ्यासातून शोधले. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष्य वाढत नाही, असे ते उत्तर होते. उलट पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातील आजार अनेक वर्षांनी दुसरीकडे परतला, तर तो परतल्याची नवी नोंद होते, मूळ टप्पा मात्र खोडला जात नाही. खतावणीतली चूकसुद्धा खोडून दुरुस्त करत नाहीत, नवी नोंद घालून दुरुस्त करतात, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मामांनी त्या दिवशी काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन करून मुंबईची तारीख घेतली.

बाईसांची केमोथेरपीही तेव्हा संपत आली होती. जानेवारीत नणंद-भावजय दोघी किरणोपचारासाठी मुंबईला एकत्र राहिल्या. आठवड्याचे पाच दिवस जायचे, काही मिनिटांत परत यायचे, आणि उरलेला सबंध दिवस मोकळा. एका दुपारी दोघींनी आपापल्या फायली उघडून शेजारी ठेवल्या. एकीच्या पहिल्या कागदावर तीन-अ होते, दुसरीच्या दुसऱ्या कागदावर तीन-अ होते. सहा महिने दोन गावांत ज्यांची तुलना चालली होती, त्यांचा आजार एकाच पायरीवर होता. एकीचा आधी मोजला गेला, एकीचा नंतर. भाभी म्हणाल्या, "दिवाळीतच सांगायला हवे होते मी." बाईसा म्हणाल्या, "आखाजीला तरी सांगितलेस, म्हणून माझी सापडली."

भाभींच्या वाक्यात मोठे सत्य आहे. टप्पा दोन मार्गांनी खाली येऊ शकतो. एक मार्ग औषधांचा. दुसरा, अधिक स्वस्त आणि कमी वेदनेचा, लवकर शोधण्याचा. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रियांचा सुमारे वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचे प्रमाण 37 टक्के होते, दुसऱ्या गटात 47 टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात मृत्यूंमध्ये तसा लाभ दिसला नाही, हेही त्या अभ्यासाने प्रांजळपणे नोंदवले. जाणत्या हाताला एवढे साधत असेल, तर सहा महिने पदराआड ठेवलेल्या गाठीची किंमत किती, याचा हिशेब प्रत्येक घराने मांडावा.

आणि घरात हा आजार आलाच, तर कागद जपावेत. पहिला बायॉप्सीचा अहवाल, हार्मोन आणि 'हर-टू'चा अहवाल, केमोथेरपीपूर्वीची मॅमोग्राफी व स्कॅन, काखेच्या तपासणीची नोंद, शस्त्रक्रियेनंतरचा सविस्तर अहवाल हे सारे एका फायलीत तारखेनुसार लावावे. काचेच्या पट्ट्या आणि मेणातले तुकडे कोणत्या प्रयोगशाळेत आहेत, ते लिहून ठेवावे. नवे डॉक्टर पाहायचे असतील तर पहिला कागद आधी पुढे करावा. टप्पा विचारताना तो उपचारापूर्वीचा की नंतरचा, 'सी', 'पी' की 'वायपी', हे विचारायला संकोच करू नये. आणि नातेवाइकांनी आकड्यांची तुलना करून कोणाला सुधारलेली, कोणाला बिघडलेली ठरवू नये. फोनवरचे ते एक वाक्य आजारी माणसाच्या मनात वर्षभर राहते.

मुंबईहून परतल्यावर भाभींच्या यजमानांनी फायलीच्या पुठ्ठ्यावरचे 'स्टेज 0' तसेच राहू दिले नाही. त्यावर एक आडवी रेघ मारून त्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या. उपचारापूर्वी: टी 3, एन 2, एम 0, स्टेज तीन-अ. उपचारानंतर: संपूर्ण प्रतिसाद. तिसरी ओळ पुढच्या तपासणीच्या तारखेची होती. ती फाइल आता आडतीच्या कपाटात, चालू वर्षाच्या वहीशेजारी असते.